तेराशे सहा चौकटी

सन दोन हजार छत्तीसच्या जानेवारीत सांगलीच्या विश्रामबाग भागातील ‘कवठेकर आणि मंडळी, बांधकाम खर्च सल्लागार’ या कचेरीत एक पत्र येऊन थडकले, आणि त्या पत्राने पद्माकर कुंभोजकर यांच्या एकोणतीस वर्षांच्या चाकरीतील सर्वांत लाडकी दोन अक्षरे बेकायदेशीर ठरवली. ती अक्षरे म्हणजे ‘एल. एस.’

ज्या वाचकांनी कधी अंदाजपत्रक पाहिले नसेल, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. इमारत उभी राहण्यापूर्वी तिला किती खर्च येईल याचा अंदाज मांडावा लागतो. खोदाई किती, काँक्रीट किती, वीटकाम किती, गिलावा किती, अशी एकेक बाब मोजून लिहितात. परंतु काही खर्च असे असतात की त्यांना लांबी नसते, रुंदी नसते आणि उंचीही नसते. कोणाला ऐनवेळी जिना उलट्या बाजूने हवा होतो, कोणाचे देवघर एकाएकी ईशान्येला सरकते, तर कोणाची उभी राहिलेली भिंत पाडून पुन्हा हातभर अलीकडे बांधावी लागते. अशा सर्व निनावी खर्चासाठी अंदाजपत्रकाच्या अगदी तळाशी एक ठोक रक्कम धरलेली असते. तिचेच कचेरीतील नाव एल. एस., म्हणजे लम्प सम. ही रक्कम किती धरावी याला शास्त्र नव्हते. कवठेकरांच्या कचेरीत त्याला कुंभोजकर होते.

जागेवर एकदा जाऊन यावे, मालकाशी तासभर बोलावे, आणि परत येऊन पेन्सिलीने एक आकडा लिहावा, ही त्यांची रीत. कधी शेकडा तीन, कधी शेकडा अकरा. इमारत पुरी झाल्यावर प्रत्यक्ष खर्च त्या आकड्याशी असा काही जुळून येई, की मिरजेपासून तासगावापर्यंतचे कंत्राटदार त्यांना ‘एलेसकाका’ म्हणत. हे नाव कुंभोजकरांना वरवर आवडत नसे आणि आतून फार आवडे.

पत्र राज्य बांधकाम प्रतिरूप मंडळाचे होते. यापुढे बँकेचे कर्ज घेणारी किंवा सरकारी निधीची प्रत्येक इमारत प्रथम संगणकात प्रतिरूपाच्या स्वरूपात उभी राहिली पाहिजे. अंदाजपत्रकातील प्रत्येक रक्कम त्या प्रतिरूपातील कोणत्या ना कोणत्या वस्तूशी जोडलेली असली पाहिजे. ठोक रक्कम चालणार नाही. खर्च सल्लागार या बदलास कितपत सज्ज आहेत हे एप्रिलमध्ये तपासले जाणार होते. परीक्षाही सांगून टाकली होती. प्रत्येक कचेरीने आपली जुनी, पुरी झालेली कामे प्रतिरूपात भरावीत. त्यावरून निघालेला अंदाज आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांत सरासरी शेकडा तीनहून अधिक फरक पडला, तर त्या कचेरीचे नाव यादीतून कमी होईल.

नाव कमी होणे म्हणजे दार बंद होणे, हे कोणी कोणास समजावून सांगण्याची गरज नव्हती. कचेरीच्या मालकीणबाई नलिनीताई कवठेकर यांनी पत्र सर्वांना वाचून दाखवले, चष्मा काढून पुसला, आणि कचेरीतील अकरा माणसांकडे एकवार पाहिले. ही कचेरी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी उभी केलेली होती.

प्रतिरूपाचे काम अमीना मुजावर हिच्याकडे सोपवले गेले. अमीना मिरजेची, वय अठ्ठावीस, दोन वर्षांपूर्वी कचेरीत आलेली अभियंता. बोलण्यात चुणचुणीत आणि कामात कोणाची गय न करणारी. प्रतिरूप म्हणजे काय हे तिने कुंभोजकरांना त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून समजावले. कागदावरील नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा असतात. त्या दोन रेघांमध्ये किती विटा बसतील हे माणसाने मोजावे लागते. प्रतिरूपात मात्र भिंत ही भिंतच असते. तिला आपली जाडी ठाऊक असते, आपल्यात किती विटा आहेत, आपल्या पोटातून पाण्याची नळी कोठून जाते, आपल्यावर गिलावा किती लागेल, हे सर्व ठाऊक असते. दार हातभर सरकवले, की जुनी जागा आपोआप बुजते, नवी उघडते आणि सर्व मोजमापे क्षणात बदलतात.

“काका, नकाशा म्हणजे माणसाचा फोटो,” अमीना म्हणाली. “हे म्हणजे माणूसच. विचारलं की उत्तर देतं.”

“खोटं बोलतं का?”

“नाही बोलत.”

“मग माणूस कसला,” असे म्हणून कुंभोजकरांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतले.

महिन्याभरात अमीनाने दोनशे चौदा जुनी कामे प्रतिरूपात उभी केली. दंतवैद्यांचे दवाखाने, हळदीची गोदामे, बंगले, दोन शाळा, एक मंगल कार्यालय. मोजमापे इतकी काटेकोर निघाली की स्वतः कुंभोजकरांची दोन ठिकाणची चूक यंत्राने दाखवली आणि त्यांनी ती मुकाट्याने मान्य केली. तरीही परीक्षेचे गणित सुटेना. प्रत्यक्ष खर्च हा प्रतिरूपाच्या खर्चाहून सरासरी शेकडा सातने अधिक होता. प्रत्येक इमारतीत जणू एक अदृश्य खोली होती. तिचा खर्च झाला होता, परंतु ती दिसत मात्र नव्हती.

येथे विज्ञानाची एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. मोजता येईल ते सर्व मोजून झाल्यावर जो फरक उरतो, तो कचरा म्हणून फेकून द्यायचा नसतो. आकाशातील एखाद्या ग्रहाची चाल गणितापेक्षा किंचित वेगळी पडली, तर खगोलशास्त्रज्ञ त्या लहानशा फरकावरून पलीकडे कोणी न पाहिलेला दुसरा ग्रह असावा असे ताडतात. अमीनाच्या यंत्रालाही हीच विद्या शिकवलेली होती. उरलेला फरक एका बाजूला ठेवायचा आणि कचेरीतील झाडून सगळी कागदपत्रे दुसऱ्या बाजूला; फरकाबरोबर जी गोष्ट वाढते आणि फरकाबरोबर जी घटते, ती शोधून काढायची.

परंतु त्याआधी अमीनाने सरळ मार्ग धरला. तिने कुंभोजकरांनाच विचारले, की काका, तुम्ही हा आकडा कशावरून ठरवता?

कुंभोजकरांनी रस्ता अरुंद आहे का पाहतो, पाणी कोठे आहे पाहतो, जमीन काळी की मुरमाड ते पाहतो, असे बरेच काही सांगितले. अमीनाने ते सर्व यंत्रात भरले. फरक जागचा हलला नाही. तिने पुन्हा विचारले, तेव्हा ते थोडे तुटकपणे म्हणाले की इतक्या वर्षांचा हात आहे, हाताला विचारावे. अमीनाला वाटले, काका मुद्दाम लपवत आहेत. तिने तसे नलिनीताईंपाशी बोलूनही दाखवले.

खरी गोष्ट निराळी होती, आणि ती कुंभोजकरांनी कोणालाच सांगितली नव्हती. आपण तो आकडा कशावरून ठरवतो हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते. जागेवरून परतताना तो मनात आपसूक तयार होई. आता तो यंत्राने शोधला तर एलेसकाका म्हणून काय उरले, आणि नाही शोधला तर अकरा घरांचे काय व्हायचे, अशा दुहेरी पेचात ते सापडले होते. निवृत्तीला एक वर्ष राहिले होते. ते वर्ष अडगळीतल्या सामानासारखे काढावे लागू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अमीनाने शेवटचा उपाय म्हणून कुंभोजकरांच्या जागेवरच्या वह्या, एकूण एकसष्ट, यंत्राकडून वाचून घेतल्या. त्या वह्यांत पेन्सिलीची कच्ची टिपणे होती. दुसऱ्या दिवशी यंत्राचा अहवाल आला. उरलेल्या फरकाशी बऱ्याच अंशी जुळणारी एक गोष्ट सापडली होती. परंतु ती वाचून अमीनाचा चेहरा उतरला आणि ती अहवाल घेऊन थेट नलिनीताईंच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने नलिनीताईंनी कुंभोजकरांना बोलावले, बसायला सांगितले, आणि बराच वेळ टेबलावरचा कागददाब इकडून तिकडे केला. मग त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा, की कुंभोजकरांच्या वह्यांत दोनशे चौदा कामांमध्ये मिळून ज्या चौकटी नोंदलेल्या आहेत, त्यांपैकी तेराशे सहा चौकटी इमारतींत कोठेही नाहीत. नकाशात नाहीत, भिंतीत नाहीत. आणि ज्या कामात अशा गहाळ चौकटी जास्त, त्याच कामाचा खर्च जास्त वाढलेला आहे.

“मी तुमच्यावर संशय घेत नाही, कुंभोजकर,” नलिनीताई म्हणाल्या. “पण हे तपासणीत निघालं तर मला उत्तर द्यावं लागेल. ते तुम्ही मला सांगा.”

संशय घेत नाही असे म्हटल्यावर माणसाला नेमके काय वाटते ते कुंभोजकरांना त्या दिवशी कळले. सागवानी चौकट म्हणजे काही खिशात घालून न्यायची वस्तू नव्हे, एवढेसुद्धा त्यांना सुचले नाही. त्यांनी फक्त ‘बरं’ म्हटले, डबा उचलला आणि भर दुपारी ते घरी निघून गेले. एकोणतीस वर्षांत हे प्रथमच घडत होते.

वत्सलाबाई अंगणात शेवया वाळत घालत होत्या. नवरा अवेळी आलेला पाहून त्यांनी आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि मग हकिकत ऐकली. ऐकताना त्या गंभीर होतील अशी कुंभोजकरांची अपेक्षा होती. त्या हसू लागल्या.

“तेराशे चौकटी?” त्या म्हणाल्या. “अहो, आपल्या न्हाणीघराला चौकट बसवून घ्यायला मी सहा वर्षं मागं लागले होते. अजून पडदाच आहे. त्या यंत्राला म्हणावं, ये बघायला.”

कुंभोजकर म्हणाले की हा थट्टेचा विषय नाही. त्यावर वत्सलाबाईंनी हात पुसले आणि थट्टा बाजूला ठेवून विचारले, की ती नोंद तुम्ही डोळ्यांनी पाहिली का? कुंभोजकरांनी पाहिली नव्हती. अपमानाच्या भरात वही मागण्याचे भानच राहिले नव्हते.

“मग रुसून काय बसलाय? उद्या जा आणि पान दाखवा म्हणा. हात तुमचा आहे, यंत्राचा नाही.”

दुसऱ्या दिवशी कुंभोजकर वेळेआधी कचेरीत हजर झाले आणि अमीनाच्या टेबलापुढे उभे राहिले. तीही रात्रभर नीट झोपली नसावी असे दिसत होते. त्यांनी एवढेच म्हटले, की चौकटी दाखव. तिने पहिलेच पान पडद्यावर मोठे केले. तासगावच्या एका बंगल्याचे कच्चे रेखाटन होते, मापे होती, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहिले होते, ‘च ११’.

कुंभोजकरांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ तोंड नेले, आणि ते खुर्चीत बसलेच.

“अगं, हा चहा आहे.”

“चहा?”

“चौकटीला मी ‘चौ’ लिहितो. खाली बघ, चौ सहा, लिहिलंय की. हा ‘च’ म्हणजे चहा. अकरा कप.”

मग त्यांनी सर्व उलगडून सांगितले, आणि तोवर नलिनीताईही बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या. मोठ्या साहेबांचा एक दंडक होता. ज्या मालकाच्या दारी आपल्याला चहा मिळाला, तो मालक नकाशे पाहायला कचेरीत आला की त्याच्या माणसांना तितकाच चहा मिळाला पाहिजे. कोणी राहून गेले असे होता कामा नये. म्हणून जागेवर जाणाऱ्याने तेथे किती कप आले ते वहीच्या कोपऱ्यात लिहून आणायचे आणि आल्याबरोबर शिपायाला सांगायचे. मोठे साहेब जाऊन चौदा वर्षे झाली, शिपायाच्या जागी चहाचे यंत्र आले, तरी कुंभोजकरांच्या हाताची ती सवय सुटली नव्हती. आपण अजूनही कप लिहितो हे त्यांच्या ध्यानातही नव्हते.

नलिनीताईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या हे काही वेळ कळले नाही. नंतर कळले की हसत होत्या. अमीनाने खुर्चीतून उठून “काका, चुकलं माझं,” म्हटले. कुंभोजकरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले, कारण त्यांचे लक्ष दुसरीकडेच गेले होते. अहवालातील ते वाक्य आता त्यांच्या डोळ्यांपुढे नव्या अर्थाने उभे राहिले होते. ज्या कामात चहाचे कप जास्त, त्या कामाचा खर्च जास्त.

त्यांनी ते मोठ्याने म्हटले, तशा दोघीही टेबलाजवळ सरकल्या.

याचा अर्थ शोधायला वेळ लागला नाही. घर बांधायचे ठरले आणि सल्लागार भेटीला आला, की ज्यांना ज्यांना त्या घराविषयी मत असते ते सर्व येऊन बसतात. मालक, मालकाचा भाऊ, वहिनी, पुण्याहून आलेले जावई, वास्तू पाहणारे शेजारी. जितकी मते तितके बदल. जितके बदल तितकी पाडापाडी. पाहुण्याला एकट्याला चहा देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. म्हणून जितकी मते, तितके कप. इतकी वर्षे कुंभोजकरांचा हात कप मोजत होता आणि डोके त्यावरून एल. एस. काढत होते. मधले काम त्या दोघांनी आपल्या धन्याला, म्हणजे कुंभोजकरांना, न कळवता उरकले होते.

वाचकहो, एखाद्याला त्याचीच विद्या अशी ट्रेमध्ये मांडून दाखवली, तर त्याला आनंद व्हावा की खेद? कुंभोजकरांना दोन्ही झाले. चोरीचा आळ गेला याचे समाधान होते. पण ज्या आकड्यासाठी कंत्राटदार त्यांना नमस्कार करीत, तो आकडा कोणताही कप धुणारा माणूस सांगू शकला असता, हेही आता उघड झाले होते.

अमीनाने नवा हिशोब लावला. फरक शेकडा सातवरून चारवर आला. परीक्षेला तीन हवे होते. यंत्राचे म्हणणे असे पडले, की सर्व कप सारखे नाहीत. काही कप खर्च वाढवतात आणि काही वाढवत नाहीत. पण कोणता कप कोणता, हे वहीत लिहिलेले नव्हते. ते एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण डबा घेऊन जेवायला चालले होते.

तिने जिन्यात गाठून विचारले. यावेळी तिच्या बोलण्यात तपासणी नव्हती, विनवणी होती. कुंभोजकरांना स्वच्छ दिसत होते की एवढे सांगितले, की आपल्यापाशी राखून ठेवण्यासारखे काही उरत नाही. जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिले तर कचेरीतील दोन पोरसवदा ड्राफ्ट्समन एका दुचाकीवर डबल सीट बसून जेवायला घरी निघाले होते, आणि मागचा पुढच्याच्या डोक्यावर टपल्या मारीत होता. त्यांच्यापैकी एकाचे लग्न मे महिन्यात ठरलेले होते.

“आठ दिवस लागतील,” कुंभोजकर म्हणाले. “आणि मधे मधे यंत्र घालायचं नाही. मी बोलतो, तू लिही.”

ते आठ दिवस कचेरीच्या इतिहासात अविस्मरणीय ठरले. कुंभोजकर एकेक वही उघडीत, रेखाटन पाहत, आणि ती बैठक त्यांच्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राही. हा कप मालकाचा. हा धाकट्या भावाचा, तो बोलत काही नाही पण खोलीचे माप पावलांनी मोजतो. त्याला दीड धर. हा मामांचा, ते केवळ चहाला आले होते, त्यांना शून्य. ही बाई दाराआडून ऐकते आणि आत जाऊन निकाल देते. तिने चहा घेतलाच नाही, पण तिचे तीन कप लिही. अमीना लिहिता लिहिता हसून बेजार होई. पाचव्या दिवशी तिने आपल्या मिरजेच्या घराचे काम निघाले होते तेव्हाची गोष्ट सांगितली. तिच्या दोन फुफूंनी, म्हणजे आत्यांनी, मिळून जिना तीनदा फिरवला होता. कुंभोजकरांनी तत्काळ सांगितले, साडेसहा कप, शेकडा दहा. तिने घरी विचारले. वडिलांनी दहाच सांगितले.

मंडळाचा नियम असा होता की प्रत्येक खर्चाला वस्तू हवी. तेव्हा अमीनाने प्रतिरूपात एक नवी वस्तू घडवली. बशीसह कप. तो प्रत्येक इमारतीच्या ओसरीवर ओळीने मांडला, आणि प्रत्येक कपाला त्याचे वजन जोडले. फरक शेकडा एक पूर्णांक आठवर आला.

एप्रिलच्या बारा तारखेला मंडळाचे परीक्षक नाडगौडा साहेब पुण्याहून आले. उंच, किडकिडीत आणि कामापुरतेच बोलणारे गृहस्थ. आदल्या आठवड्यात त्यांनी आजूबाजूच्या जिल्ह्यांतील नऊ कचेऱ्या तपासल्या होत्या आणि सात नापास केल्या होत्या. त्या सातांची मोजमापे विटेपर्यंत बरोबर होती. अदृश्य खोली मात्र कोणालाच सापडली नव्हती. नाडगौडांनी डोळ्यांवर दर्शकपट्टी चढवली आणि ते हळदीच्या एका गोदामाच्या प्रतिरूपात शिरले. पाया पाहिला, तुळया पाहिल्या, छप्पर पाहिले. मग ओसरीशी येऊन थांबले.

“इथे नऊ कप आहेत,” ते म्हणाले.

नलिनीताईंनी कुंभोजकरांकडे पाहिले. कुंभोजकरांनी सांगायला सुरुवात केली. प्रथम ते नुसते आकडेच सांगत होते. पुढे धाकट्या भावाच्या दीड कपापाशी आले तसे ते रंगात आले. नाडगौडा साहेबांनी आकडे पाहिले, स्वतःच्या मनाने कोणतीही वीस कामे निवडली, प्रत्येकाचा अंदाज आणि खर्च ताडून पाहिला. या सगळ्यास दोन तास लागले. अखेरीस त्यांनी पट्टी उतरवली.

“माझ्या घराला सतरा लाख जास्त लागले,” ते संथपणे म्हणाले. “मी इतकी वर्षं कंत्राटदाराला दोष देत होतो. आम्ही चौदा जण बसलो होतो त्या दिवशी.”

मग त्यांनी सही केली. कवठेकर आणि मंडळी, सज्ज.

गोष्ट येथे संपती तर ती परीकथा झाली असती. विज्ञानाच्या गोष्टीला परिणामांपर्यंत जावे लागते. ही पद्धत मंडळाने सर्वांना खुली केली आणि सहा महिन्यांत राज्यभरचे खर्च सल्लागार घरोघरी कप मोजू लागले. वर्तमानपत्रात बातमी आली. लोकांना कळले की चहा दिला की अंदाज वाढतो आणि अंदाज वाढला की बँक हात आखडते. त्याबरोबर एक चमत्कारिक गोष्ट घडली. बांधकाम काढलेल्या घरांतून चहा नाहीसा झाला. सल्लागार आला की भाऊ शेतावर जात, वहिनी देवळात जाई, जावयांना स्टेशनवरूनच परत पाठवीत. एकटा मालक एक तांब्या पाणी घेऊन बाहेर येई. मते तितकीच राहिली; कप तेवढे लपले. कोणतेही मोजमाप लोकांना ठाऊक झाले आणि त्यावर लाभहानी अवलंबून राहू लागली, की ते मोजमाप खरे राहत नाही. लोक वस्तूऐवजी फूटपट्टीलाच वाकवतात. हा नियम अर्थशास्त्राच्या पुस्तकात अमीनाने वाचलेला होता. तो ओसरीवर घडताना तिने प्रथमच पाहिला.

फरक पुन्हा शेकडा सहावर गेला. पुढच्या एप्रिलमध्ये मंडळाची दुसरी तपासणी होती, आणि कुंभोजकरांची निवृत्ती तिच्या आधी होती. नलिनीताईंनी त्यांना बोलावले. यावेळी कागददाबाला हात लावला नाही. निवृत्तीचा कागद त्यांनी खणात घातला आणि खण बंद केला. एवढेच विचारले, की तासगावला शिंगाडे बंधूंचे बेदाण्याचे शीतगृह निघाले आहे, जाऊन येता का?

कुंभोजकर गेले. शिंगाडे बंधू पाच. बाहेर आला तो थोरला एकटाच, आणि चहाचे नावही निघाले नाही. कुंभोजकर खुर्चीवर ऐसपैस बसले. यंदाच्या द्राक्षांविषयी बोलले, थंडीविषयी बोलले, थोरल्याच्या गुडघेदुखीविषयी तर बरेच बोलले. तासाभराने उठले आणि संध्याकाळच्या आत कचेरीत परतले.

“शेकडा साडेआठ,” त्यांनी अमीनाला सांगितले.

“कशावरून? चपला मोजल्या का दारातल्या?”

“एकच जोड होता. तोही त्याचाच.”

“मग?”

कुंभोजकरांनी खरोखर विचार केला. छताकडे पाहून पाहिले, डोळे मिटून पाहिले.

“माहीत नाही गं,” ते म्हणाले. “पण साडेआठ.”

अमीनाने यंत्रापुढे बसून त्यांच्या सर्व हालचालींची नोंद भरायला हात उचलला, आणि मग तो खाली घेतला. तिने हसून सांगितले की यावेळी शोधायचेच नाही. आपल्याला कळले की मंडळाला कळणार, मंडळाला कळले की थोरल्या शिंगाड्याला कळणार. तुम्हालाच ठाऊक नाही तोवर कोणी लपवणार काय?

तिने त्यानंतरच्या दहा कामांना काकांना असेच पाठवले आणि दहाही आकडे तशाच जुन्या, पुऱ्या झालेल्या कामांच्या खर्चाशी ताडून मंडळाकडे रवाना केले. प्रत्येक खर्चाला वस्तू हवी, हा नियम होताच. तेव्हा कपांच्या ऐवजी तिने ओसरीवर एक माणूस ठेवला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन्सिल, काखेत वही. मंडळाच्या यंत्राने विचारले, ही वस्तू कोणती? तिने लिहिले: ‘कुंभोजकर. नग एक.’ तीन दिवसांनी नाडगौडा साहेबांच्या सहीने मंजुरी आली.

अमीनाने ती मंजुरी आणि तो पुतळा काकांना पडद्यावर दाखवला. वत्सलाबाईही त्या दिवशी शेवयांचा डबा द्यायला आल्या होत्या. त्या वाकून पाहू लागल्या. शीतगृहाच्या ओसरीवर बोटभर उंचीचे कुंभोजकर ताठ उभे होते. खऱ्या कुंभोजकरांनी त्यांना बराच वेळ न्याहाळले. नाक, चष्मा, शर्टाची घडी, सर्व तपासले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“उभा का केलास?” ते म्हणाले. “तासभर तरी लागतो. खुर्ची दे की.”